दुकानाच्या भिंतीचा रंग

गेल्या वर्षी या त्रैमासिकाने ‘आमच्या घरातील वस्तू’ या विषयावर वाचकांकडून ललित लेख मागविले होते. आलेले लेख वाचून त्यांतील छापण्याजोगे निवडण्याचे काम संपादकांनी आम्हांवर सोपविले. सेवानिवृत्तीनंतर असली कामे नाकारण्यास सबळ कारण उरत नाही, आणि खरे सांगावयाचे तर नाकारण्याची इच्छाही नव्हती. लेख वीसएक होते. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, अडकित्ता, पानाचा डबा, जाते, पाटा-वरवंटा, आजीची फणेरपेटी, माजघरातील कंदील अशी ती वस्तूंची यादी होती. एकट्या बंबावर चार लेख होते. त्यांपैकी दोन बंब पुण्याहून बैलगाडीने बडोद्यास आलेले होते, एक ग्वाल्हेरीहून, आणि चौथ्याचे मूळ लेखकास ठाऊक नव्हते. मात्र चारही लेखांत पहाटेचा काळोख, बंबातील निखारे आणि आजोबांचे स्तोत्र ही तीन अंगे ठरल्याप्रमाणे होती. प्रेशर कुकर एकाही लेखात नव्हता. गॅसची टाकी नव्हती. ज्या प्लॅस्टिकच्या बादलीतील पाण्याने लेखकाने त्या दिवशी सकाळी स्नान केले असेल, ती बादली तर नव्हतीच.

हे लेख वाईट होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. भाषा शुद्ध होती, भावना प्रामाणिक होती. आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी याच पानांतून पणजोबांच्या उतरत्या झाकणाच्या शिसवी डेस्कावर असाच एक लेख लिहिला होता, आणि त्यावर आलेल्या दूरध्वनींनी आम्ही सुखावलो होतो. तेव्हा जे पुढे म्हणणार आहोत ते स्वतःस वगळून नव्हे.

त्या गठ्ठ्यात एक लेख मात्र निराळा होता. बेळगावहून लग्न होऊन बडोद्यास आलेल्या एका तरुण गृहिणीने तो लिहिला होता आणि त्याचा विषय होता त्यांच्या इमारतीतील पाण्याची मोटर. जिन्याखालचा तो लोखंडी खोका, पहाटे साडेपाचला सुरू होणारी घरघर, बटण कोणी दाबावयाचे याच्या पाळ्या लिहिलेला आणि दोऱ्याने टांगलेला पुठ्ठा, टाकी भरून वाहू लागली की तळमजल्यावरील बांचा गुजरातीतून होणारा उद्धार आणि त्यास तिसऱ्या मजल्यावरून मराठीतून मिळणारे उत्तर. आम्ही तो लेख वाचला, मनातल्या मनात हसलो, आणि कोपऱ्यावर ‘विषयास धरून नाही’ असा शेरा मारून परत केला. शेरा मारताना हात जराही अडला नाही. चाळीस वर्षांची सवय.

पुढे काही महिन्यांनी भूपेन खख्खर यांच्या चित्रांचे एक पुस्तक हाती आले आणि त्या शेऱ्याची आठवण होऊन आम्ही अस्वस्थ झालो. या लेखाचे निमित्त ते.

खख्खर हे नाव बडोद्यातील जुन्या मराठी घरांत अपरिचित नसावे, पण फारसे आपुलकीचेही नाही. १९३४ साली मुंबईत जन्मलेला, खेतवाडीत वाढलेला हा गुजराती गृहस्थ व्यवसायाने सनदी लेखापाल. चित्रकार मित्र गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून १९६२ साली तो बडोद्यास आला, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललित कला विद्याशाखेत दाखल झाला, आणि तेही चित्रकलेच्या वर्गात नव्हे तर कलासमीक्षेच्या. रंग आणि कुंचला त्याने आपले आपणच हाताळावयास घेतले. पोटापाण्यासाठी पुढे कित्येक वर्षे तो एका कारखान्याच्या हिशेबखात्यात अर्धवेळ काम करीत असे. २००३ साली तो बडोद्यातच निवर्तला. १९८४ साली पद्मश्री, २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये स्वतंत्र मोठे प्रदर्शन, हे सारे पुढचे वैभव. ज्या गावात आमचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर व पुढे कारभाराच्या निमित्ताने आले आणि पिढ्यान् पिढ्या राहिले, त्याच गावात हा मनुष्य अठ्ठाविसाव्या वर्षी उपरा म्हणून आला. आणि गावाचा बाजार चित्रांत आणला तो त्याने.

आमची उभी हयात राज्य शासनाच्या हिशेबतपासणी खात्यात गेल्यामुळे असेल, चित्रकार लेखापाल असल्याचे वाचून आम्हांस गंमत वाटली. कोणत्याही कार्यालयाच्या जमाखर्चात ‘किरकोळ’ नावाचे एक सदर असते. चहा, सुतळी, डिंक, टांगाभाडे, फुटलेली काच, जे कोठेही बसत नाही ते तेथे जाते. सरावलेला तपासनीस प्रथम तेच सदर उघडतो, कारण कार्यालय खरोखर कसे चालते ते तेथे कळते. खख्खर यांनी गुजरातीत कथाही लिहिल्या. त्यांची नावे पाहावीत: ‘फोरेन सोप’, ‘वाडकी’, ‘मगनभाईनो गुंदर’. साबण, वाटी आणि डिंक!

त्यांचा आरंभ मात्र आम्हांस तितकासा मानवत नाही, हे सांगितले पाहिजे. १९६५ साली मुंबईत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले, त्यात देवदेवतांची बाजारी छापील चित्रे कापून फलकावर चिकटविलेली होती आणि त्यांवर भिंतीवर ओढतात तसे रंगांचे फराटे व अक्षरे होती. येथे बडोद्याच्या वाचकास एक गोष्ट आठवावी. महाराज सयाजीराव तिसरे यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक प्रसंगांवरील १४ चित्रे करवून घेतली होती. ती पाहावयास आपण पाहुण्यांना फत्तेसिंह संग्रहालयात आवर्जून नेतो. त्याच रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती चार-सहा आण्यांच्या कागदावर घरोघर गेल्या. आमच्या देवघरातील तसबिरी, किराणा दुकानातील दिनदर्शिका, ट्रकच्या आरशाजवळील चित्र, हे सारे त्या छापखान्याचे दूरचे गणगोत. म्हणजे राजवाड्यातील कला जेथून खाली उतरून नित्याची वस्तू झाली, त्याच गावी बसून एका नवशिक्याने ती नित्याची वस्तू उचलून पुन्हा कलेच्या फलकावर चिकटविली. कल्पना तल्लख आहे. परंतु त्या चित्रांत पाहण्यापेक्षा खोडी अधिक आहे. ‘हे तुम्ही कला मानीत नाही ना? मग हे घ्या,’ असा त्यांचा पवित्रा आहे. वस्तू तेथे स्वतःसाठी आलेली नाही, कोणाला तरी चिडविण्यासाठी आली आहे. आमच्या बंबावरील लेखांत ती कोणाला तरी आठवण्यासाठी आली होती. दोन्हीकडे वस्तू साधनमात्रच.

खरा बदल दिसतो तो १९७२ च्या सुमारास. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डी-लक्स टेलर्स’ ही त्या वर्षीची, ‘बार्बर्स शॉप’ १९७३ चे. घड्याळजी, शिंपी, न्हावी. एकेक माणूस आणि एकेक दुकान. रंग सपाट, झगझगीत, पाटी रंगविणाऱ्या पेंटराच्या डब्यातून आल्यासारखे. माणूस जरासा ताठरलेला, फोटो काढून घेताना आपण ताठरतो तसा. अवजारे आणि सामान एकेक करून, न गाळता, जणू साठा-नोंदवहीत चढवावे तसे. या चित्रांत सौंदर्य नावाची गोष्ट कोठे आहे, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो आणि आम्हांसही पडला. घड्याळजीच्या चेहऱ्यावर कारुण्य नाही. शिंप्याच्या हातांना श्रमाचे तेज वगैरे दिलेले नाही. कामगाराचा गौरव करणारी चित्रे आपण भित्तिपत्रकांवर पुष्कळ पाहिलेली आहेत. त्या जातीची ही नव्हेत.

पण पुस्तक मिटून ठेवले तरी दुकान मिटत नाही. असे का होते याचा विचार करता आम्हांस वाटते, की येथे चित्रकाराने एक अवघड गोष्ट केली आहे. त्याने वस्तूला तिच्या नावासकट, तिच्या हौसेसकट आणि तिच्या कुरूपतेसकट येऊ दिले आहे. एकच शिलाईयंत्र असलेला शिंपी आपल्या दुकानास ‘डी-लक्स’ म्हणतो. यात विनोद आहे हे चित्रकारास कळते. पण त्या शब्दात शिंप्याची एक महत्त्वाकांक्षा आहे, भिंतीला लावलेला भडक हिरवा किंवा निळा रंग ही त्याच्या दृष्टीने शोभा आहे, हेही त्यास कळते. तो रंग सौम्य करून, भिंतीवर थोडी जुनी कळा चढवून, दुकान आपल्या अभिरुचीच्या दिवाणखान्यात टांगण्याजोगे करणे सोपे होते. ते त्याने केले नाही. काळाचा उपहास पाहा: तेच ‘डी-लक्स टेलर्स’ २०१७ साली लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीस गेले आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेलेच.

या चित्रांची एक पूर्वपीठिकाही आहे, आणि ती जाणून घेतल्याने खख्खर यांचे काम नीट कळते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज अंमलदारांसाठी हिंदी चित्रकार कागदावर धंदेवाइकांची चित्रे काढीत: शिंपी, कुंभार, भिस्ती, न्हावी. ‘कंपनी शैली’ म्हणून ती ओळखली जातात. अंमलदार ती चिकटवहीत घालून विलायतेस नेई. त्यांत माणूस असतो, अवजार असते आणि पाठीमागे बहुधा कोरा कागद असतो. तो शिंपी कोणा एका पेठेतला नसतो, ‘हिंदुस्थानातील शिंपी’ असतो. खख्खर यांनी ती चित्रे अभ्यासली होती, त्यांतील ताठरपणाही उचलला. परंतु कोऱ्या कागदाच्या जागी त्यांनी दुकान उभे केले. नमुन्यादाखल धरलेल्या माणसास त्याच्या जागी परत नेऊन बसविले, असे म्हणता येईल. पॅरिसच्या जकातनाक्यावर चाकरी करीत चित्रे काढणारा आँरी रूसो हा त्यांचा आवडता चित्रकार. (सरकारी नोकराने निवृत्तीनंतर काय करावे याचा हा एक दाखला आम्ही आमच्या समव्यवसायी मित्रांना अधूनमधून देत असतो, अद्याप कोणी मनावर घेतलेला नाही.) रूसोपासून त्यांनी काय घेतले? प्रत्येक पान स्वतंत्रपणे काढण्याचा चिवटपणा. झाडाला हजार पाने असतील तर हजार काढावयाची, ‘वगैरे’ म्हणावयाचे नाही.

या चित्रांचा एक उणेपणाही सांगितला पाहिजे. ती चित्रे गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलेली आहेत. चित्रकार दुकानासमोर उभा आहे, फळीच्या पलीकडे गेलेला नाही. घड्याळजीची पाठ दुखते की नाही, हे आपणास कळत नाही. याउलट सुधीर पटवर्धनांची चित्रे पाहावीत. पुण्यात जन्मलेले, ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेले हे डॉक्टर. तेही नोकरी-व्यवसाय सांभाळून चित्रे काढणाऱ्यांपैकी आणि तेही कलाशाळेबाहेरचे. त्यांच्या १९७७ च्या ‘इराणी रेस्टॉरंट’मधील माणूस पाहताना खुर्चीवर पडलेले त्याचे वजन आपणास जाणवते. ज्याने रोज माणसांची हाडे पाहिली त्याच्या चित्रांत शरीर आतून येते, आणि ज्याने रोज वह्या पाहिल्या त्याच्या चित्रांत वस्तूंची नोंद येते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरावा, कारण खख्खर पुढे बदलले. १९८१ साली मुंबई व दिल्ली येथे झालेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात हे दोघेही होते. त्याच सुमारास खख्खर यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगविले. बाप, मुलगा आणि गाढव यांची आपण शाळेत वाचलेली गोष्ट त्यात आहे, आणि ती आपल्या सज्जातून पाहत उभा असलेला एक विवस्त्र पुरुष आहे. तो बराचसा चित्रकार स्वतःच होय. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम हा पुढे त्यांच्या चित्रांचा उघड विषय झाला. आमच्यासारख्या घरांत या विषयाचे नाव काढले जात नसे, आणि त्यामुळेच कदाचित खख्खर यांचेही नाव काढले जात नसे. आम्हांस एवढेच नोंदवावयाचे आहे, की त्या चित्रांतील प्रेमिक राजपुत्र नाहीत. पिकल्या केसांचे, सुटलेल्या पोटाचे, कारकुनी चेहऱ्याचे ते गृहस्थ आहेत. बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभे असतात तसे. १९७२ साली जो फळीअलीकडे थांबला होता तो येथे फळी ओलांडून आत गेला. अखेरच्या वर्षांत कर्करोगाने गाठल्यावर त्याने तीच नजर व्याधिग्रस्त शरीराकडे वळविली. ती चित्रे आम्हांस पाहवत नाहीत, हे आम्ही कबूल करतो. २०१६ च्या प्रदर्शनावर लंडनच्या एका दैनिकाच्या समीक्षकाने ही सारी चित्रे दुय्यम दर्जाची ठरविली होती. असेना. त्या समीक्षकाने लहानपणापासून ‘डी-लक्स’ नावाच्या दुकानात पाटलोणी शिवून घेतल्या नव्हत्या.

आता आपल्या वाङ्मयाकडे येऊ, कारण वाचक म्हणतील की चित्रकलेचे सोडा, मराठीत नित्याच्या वस्तूंवर उत्तम लिहिले गेलेले नाही काय? गेले आहे, आणि ते कसे गेले आहे ते पाहिले म्हणजे आमच्या बंबांचे काय चुकले ते उमगते. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण प्रत्येकाच्या ओठांवर असते. त्या १९५१ साली गेल्या, आणि त्यांच्या कविता आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या कवितेत चूल आहे, जाते आहे, विहीर आहे, म्हणून आपण जाते दिसले की लेखणी उचलतो. पण बहिणाबाईंचे जाते हा त्यांचा वारसा नव्हता. ते त्या दिवशी दळावयाचे जाते होते. त्यांच्या घरात विजेची गिरणी असती तर त्यांनी गिरणीवर ओवी रचली असती, याविषयी आम्हांस शंका नाही. जाते माळ्यावर ठेवून, त्यावरील धूळ पुसून, त्याच्याविषयी गहिवरून लिहिणारा मनुष्य बहिणाबाईंचा विषय घेतो, पण त्यांची रीत घेत नाही. रीत घेणारे निराळे. १९७२ सालीच, म्हणजे खख्खर शिंप्याचे दुकान रंगवीत होते त्याच वर्षी, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, आणि सभ्य मराठी कवितेने ज्या गल्लीत पाऊल टाकले नव्हते ती तिच्या बोलीसकट कवितेत आली. अरुण कोलटकर मुंबईच्या काळा घोडा भागातील एका उपाहारगृहाच्या मेजावर वर्षानुवर्षे बसून समोरचा चौक पाहत राहिले. त्यांच्या २००४ साली आलेल्या इंग्रजी कवितासंग्रहात सायकलच्या एका जुन्या टायरलाही कवितेत स्थान आहे. बेळगावच्या इंदिरा संतांच्या कवितेतही घर आहे, संसारातील लहानसहान गोष्टी आहेत, पण त्या मांडणीत लावून ठेवलेल्या नाहीत, वापरात आहेत.

यावर आमच्या एका मित्राने आक्षेप घेतला, तो येथे देणे न्याय्य होईल. ते म्हणाले, “तुम्ही मुंबई-पुण्याच्या लोकांची उदाहरणे देता. त्यांना आपले मराठीपण सिद्ध करावे लागत नाही. आपण दोन-अडीचशे वर्षे परमुलखात राहिलो. बाहेर गुजराती, शाळेत गुजराती, कचेरीत गुजराती. इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, हैदराबादेस उर्दू-तेलुगू, बेळगावास कानडी. घरातला बंब हाच आपला कागदोपत्री पुरावा. तो तुम्ही काढून घेणार?” आक्षेप वजनदार आहे. पुरावा जपलाच पाहिजे. घंगाळ कोठून आले, कोणी घडविले, किती शेर वजनाचे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहून ठेवावे, आणि अशी टिपणे या त्रैमासिकाने अवश्य छापावीत. पण पुरावा निराळा आणि लेख निराळा. पुराव्यात वस्तू काय होती ते असते. लेखात ती कोणी पाहिली हे असावे लागते, आणि आमच्या त्या लेखांत पाहणारा कोणीच नव्हता; सारे जण आठवीत होते. शिवाय मित्राच्या म्हणण्यातील दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. बाहेर गुजराती, हे त्यांनी अशा स्वरात म्हटले की जणू ते बाहेर आपले नव्हेच. त्या गृहिणीच्या लेखात तळमजल्यावरील बा गुजरातीत ओरडतात आणि तिसऱ्या मजल्यावरून मराठीत उत्तर जाते, आणि दोघींना एकमेकींचे सारे समजते. आपल्या दोन-अडीचशे वर्षांचे याहून नेमके वर्णन आमच्या पाहण्यात नाही. आणि ते आम्ही ‘विषयास धरून नाही’ म्हणून परत केले होते.

त्या लेखिकेस आम्ही पत्र लिहिले, क्षमा मागितली आणि लेख पुन्हा पाठविण्याची विनंती केली. तिचे उत्तर आले. लेखाची प्रत तिने ठेवलेली नव्हती, आणि इमारतीत आता आपोआप बंद होणारी मोटर बसविली असल्याने पुन्हा लिहिण्यासारखे काही उरले नाही, असे तिने आदरपूर्वक कळविले.

दांडिया बाजारात आमच्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर घड्याळदुरुस्तीचे एक दुकान होते. आमचे मौंजीतले घड्याळ तेथेच दुरुस्त होई, वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ तेथेच जाई. पुढे नोकरीतील पहिल्या पगाराचे मनगटी घड्याळ घेतले तेव्हा पट्टा लहान करून घेण्यासाठी आम्ही तेथेच गेलो होतो. घड्याळजी डोळ्यावरील भिंग न काढताच “बेसो, साहेब” म्हणत. चाळीस वर्षांत किती वेळा त्या फळीसमोर उभे राहिलो याची गणती नाही. दुकान बंद झाले त्यास बरीच वर्षे झाली. तेथे आता मोबाइल दुरुस्त होतात.

‘जनता वॉच रिपेअरिंग’ पाहिल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो आणि त्या दुकानाविषयी जे आठवते ते लिहून काढू लागलो. तेलाचा वास आठवला. काचेच्या घुमटाखाली ठेवलेले सुटे भाग आठवले, चिमटा आठवला. एकाच वेळी निरनिराळ्या वेळा दाखविणारी घड्याळे आठवली, पण ही गोष्ट कोणीही न पाहता लिहू शकेल. पाटीवर नाव काय होते ते मोठ्या प्रयासाने आठवले; अक्षरे गुजराती होती की इंग्रजी, ते नाही. भिंतीच्या रंगाशी येऊन आम्ही थांबलो. घरात विचारले, तर सौभाग्यवती म्हणाल्या पोपटी. धाकट्या बंधूंना अहमदाबादेस दूरध्वनी केला, तर ते म्हणाले निळा, अगदी खात्रीने, कारण त्यांचा सदरा एकदा ओल्या रंगाला लागला होता. मग त्या सदऱ्याविषयी सौभाग्यवतींचे व त्यांचे आमच्या दूरध्वनीवरून बराच वेळ बोलणे झाले, आणि शेवटी दोघांचेही असे ठरले की त्या भिंतीला रंग बहुधा दोनदा लागला असावा. आमचा कागद अद्याप तसाच आहे.